आजोबांच्या नावावरचं माझं कार्ड

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी मोठीने सांगितलं की नव्या नोकरीचा पहिला पगार व्हायच्या आतच तीन बँकांनी तिला क्रेडिट कार्ड देऊ केलं आहे, त्यातलं कुठलं घेऊ? धाकट्याने मागून सल्ला दिला, काळं घे, काळं भारी दिसतं. मी म्हटलं, ज्याला वर्षाची फी नाही ते घे आणि बिल दर महिन्याला पूर्ण भर. तेवढ्यात तुमची जेवायची वेळ झाली आणि आपण फोन ठेवला.

माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं फोनवर सांगता आलं नसतं, कारण त्यात मी एकदा खोटं बोलले आहे आणि ते माझ्या मुलाला, म्हणजे तुमच्या बाबांनाही पुरतं माहीत नाही. मोठी आता कागदांवर सह्या करायला लागली आहे, म्हणून आत्ताच लिहिते. सावकाश वाचा. मराठी अडलं तर बाबांना विचारा, त्यांनाही यानिमित्ताने कळेल.

तुमचे बाबा परदेशी गेले त्याच वर्षी आमच्या घरात पहिलं कार्ड आलं. आजोबा तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. एक दिवस कॅन्टीनमध्ये बँकेच्या मुलांनी टेबल मांडलं, सगळ्यांबरोबर यांनीही फॉर्म भरला. फॉर्मच्या शेवटी पत्नीसाठी दुसरं कार्ड हवं का, असं विचारलं होतं आणि ते फुकट होतं, म्हणून तिथेही खूण केली. अशा कार्डाला अॅड-ऑन कार्ड म्हणतात. पंधरा दिवसांनी दोन कार्डं आली, एकावर त्यांचं नाव, एकावर माझं, आणि बरोबर बारीक इंग्रजी अक्षरांची एक पुस्तिका.

तुमच्या आजोबांचे वडील विंचूरच्या कांदा मार्केटमध्ये मापारी होते. डोळ्यांसमोर तोलल्याशिवाय माल उचलायचा नाही, हे त्यांच्या घरातलं शिक्षण. त्यामुळे पुस्तिका वाचून झाल्याखेरीज कार्डाला हात लावायचा नाही असं ठरलं. त्यांचं शिक्षण मराठीतून झालेलं, माझं कॉन्व्हेंटमध्ये. मी घरी मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे. तेव्हा वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. तीन रविवारच्या दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी ओळीखाली फूटपट्टी धरून वाचत होते आणि ते समोर बसून सुपारी कातरत होते. एकही ओळ सोडायची नाही, अशी त्यांची ताकीद होती.

मी एक ओळ सोडली.

तिसऱ्या रविवारी, पुस्तिका संपत आली असताना, मूळ कार्डधारकाचा मृत्यू झाला तर काय, असं एक कलम आलं. मी ते मनात वाचलं. त्याचं मराठी करायचं म्हणजे समोर बसलेल्या माणसाला, भरल्या घरात, ‘तुम्ही गेलात तर’ असं तोंडाने म्हणायचं. मला शब्द येत होते. इतकी वर्षं इंग्रजीचं मराठी करून दाखवणारी बाई मी, पण ते वाक्य तोंडातून निघेना. आमच्याकडे दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. कुंकू संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. अशा घरात मी वाढलेली.

त्यांनी अडकित्ता थांबवून विचारलं, “का गं, अडलीस का?”

“काही नाही, इथली छपाई पुसट आहे,” मी म्हटलं आणि पान उलटलं.

“मग चष्म्याचा नंबर बघून घे एकदा,” ते म्हणाले.

आम्ही ते कार्ड नीट वापरलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. बिल भरायची तारीख त्यांच्या पगारानंतर पाच दिवसांनी येईल अशी बँकेकडून बदलून घेतली. स्टेटमेंटमध्ये एक मोठी रक्कम असते आणि तिच्याखाली एक छोटी, ‘किमान इतके तरी भरा’ अशी. ती छोटी रक्कम दिसायला फार सोज्वळ असते. तेवढीच भरली तर बँक त्या महिन्यापुरती गप्प बसते आणि उरलेल्यावर असं व्याज लावते की सावकारही लाजेल. आम्ही छोट्या रकमेवर स्टेटमेंट आल्या आल्या काट मारायचो. बँकेने लिमिट वाढवून देऊ केलं की आजोबा म्हणायचे, गोदाम मोठं केलं की नको तो माल भरला जातो.

एकदाच फसलो. दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही वर्षाचा तांदूळ घोटीच्या एका गिरणीतून आणायचो. त्या वर्षी गिरणीवाल्याने कार्ड घेत नाही म्हणून सांगितलं. आजोबा शेजारच्या एटीएममध्ये गेले, क्रेडिट कार्ड घातलं, रोख काढली आणि मोठ्या समाधानाने परत आले. पुढच्या स्टेटमेंटमध्ये त्या रकमेवर काढल्या दिवसापासूनचं व्याज होतं आणि वर काढण्याची फी. वस्तू घेतली तर महिना-दीड महिना मिळतो, रोख काढली तर एक दिवसही नाही. हे कलम मी त्यांना वाचून दाखवलेलं होतं. त्यांनी कबूल केलं की तेव्हा त्यांना डुलकी लागली होती. त्या वर्षी पाहुणा जेवायला बसला की ते सांगायचे, भात पोटभर खा, महागाचा आहे.

माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची पंचवटीतली आजी, तिला मात्र हा प्रकार कधी पटला नाही. ती गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात भाजी घेते ती अजूनही रुमालाच्या गाठीतले पैसे सोडून. आमचं कार्ड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, “उधारीला इंग्रजीत हे म्हणतात होय? आमच्या वाण्याकडे वही आहे, ती स्वस्त पडते.”

चार वर्षांपूर्वी आजोबा गेले. तुम्ही तेव्हा आला होतात, चौदाव्या दिवशीची गोड कढी तुम्हाला आवडली होती, ते मला आठवतं. तुम्ही परत गेल्यावर मी कागदांना बसले. मला व्यवस्थेची आवड आहे आणि त्या दिवसांत तिचा आधार झाला. पेन्शन, बचत खातं, घरपट्टी, वीज, गॅस, प्रत्येकाची वेगळी फाईल केली आणि एकेक नाव बदलून घेतलं. बाबा फोनवर म्हणाले, आई, तुझ्याइतकं सुरळीत कुणाचंच होत नाही. मला बरं वाटलं.

कार्ड तेवढं राहिलं. ते बचत खात्याच्या बँकेचं नव्हतं, दुसऱ्याच बँकेचं होतं, हे एक कारण. पण खरं कारण असं की त्यांचं कार्ड मी पाकिटातून काढून कपाटात ठेवलं होतं आणि वापरत होते ते माझं होतं, माझ्या नावाची अक्षरं उठलेलं. ते माझं नाही, असं मला वाटलंच नाही. औषधं, वीज, वाणसामान सगळं त्यावर येत होतं आणि मी तारखेला पूर्ण बिल भरत होते.

फक्त ओटीपी आजोबांच्या फोनवर यायचा. म्हणून मी तो फोन चालू ठेवला होता. रोज सकाळी माझ्या फोनबरोबर तो चार्जिंगला लावायचे, मग जेवणाच्या टेबलावर ठेवायचे. दुपारी औषधं मागवताना तो वाजायचा, मी आकडे बघून घ्यायचे. खर्च झाला की आणखी एक संदेश यायचा, तो त्यांच्या नावाने सुरू व्हायचा. मी काही वेड्यासारखी त्याची वाट बघत नव्हते. पण वाजला की घर जरा भरल्यासारखं वाटायचं, हेही खरं आहे.

असे अकरा महिने गेले. मग एका सकाळी तोच फोन वाजला, संदेश नाही, कॉल. बँकेतली मुलगी होती. कार्डाची मुदत संपत आली आहे, नवीन पाठवायचं आहे, पत्ता पक्का करायचा होता, सरांशी बोलता येईल का?

मी म्हटलं, “ते बाहेर गेलेत.”

तिने विचारलं, कधी येतील?

“संध्याकाळी,” मी म्हणाले.

मुलांनो, मी ते ठरवून बोलले नाही. पण बोलले, आणि अगदी सहज आवाजात. ती मुलगी थँक्यू म्हणाली. आणि तिने आपलं काम चोख केलं. संध्याकाळी सहा वाजता पुन्हा फोन वाजला. तोवर जाऊ चहाला आली होती. आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो आणि मधे तो फोन वाजत होता. मी उचलला नाही. थांबल्यावर तिला सगळं सांगितलं.

तिने कप बशीत ठेवला. मग म्हणाली, “बाहेर गेलेत हे काही खोटं नाही, ताई. संध्याकाळी येतील हे तेवढं जास्तीचं सांगितलंस.”

आम्ही दोघी हसलो आणि मग तिने डोळे पुसले. मी उठून कपाटातली ती जुनी पुस्तिका काढली. तशा गोष्टी मी टाकत नाही. ते पान सापडायला वेळ लागला नाही. मूळ कार्डधारक गेल्यावर बँकेला लगेच कळवावं आणि अॅड-ऑन कार्डाचा वापर थांबवावा, असं स्वच्छ लिहिलं होतं. छपाई मुळीच पुसट नव्हती. या वेळी मी ते जावेला मोठ्याने, मराठीत वाचून दाखवलं.

अकरा महिने मी गेलेल्या माणसाच्या नावावर उधार घेत होते. एकही दिवस उशीर न करता सगळं भरलं होतं, तरी घ्यायचा अधिकार मला नव्हता. मोठे, तू कुठलंही कार्ड घे, पण त्याच्या कागदांतली जी ओळ नकोशी वाटेल तीच आधी वाच. बाकीच्या ओळी कुणीही वाचतं.

दुसऱ्या दिवशी मी मृत्यूचा दाखला आणि दोन्ही कार्डं घेऊन कॉलेज रोडच्या शाखेत गेले. तिथे एक तरुण अधिकारी बाई होत्या. मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं, कालचा फोनही. त्यांनी रागावून बघितलं नाही. त्यांनी हिशेब काढला, मी उरलेली रक्कम तिथेच भरली आणि त्यांनी दोन्ही कार्डं माझ्यासमोर कापली. आधी त्यांचं, मग माझं.

मग मी म्हटलं, आता मला माझं कार्ड द्या.

त्यांनी माझा आधार नंबर, पॅन नंबर घेतला, पडद्यावर बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की देता येणार नाही. पेन्शन तुटपुंजी, बाकी मिळकत कागदावर दिसत नाही, वय जास्त, आणि मुख्य म्हणजे कर्ज घेऊन फेडल्याची माझ्या नावावर एकही नोंद नाही.

मी म्हटलं, इतकी वर्षं प्रत्येक बिल मीच भरत आले.

“हो काकू, पण ते काकांच्या नावाने गेलं,” त्या म्हणाल्या. “तुमचं कार्ड म्हणजे त्यांच्या लिमिटमधून खर्चायची परवानगी होती. तुमचं रेकॉर्ड वाईट नाही. कोरं आहे.”

रिक्षात बसून घरी येईपर्यंत तो शब्द माझ्या कानात राहिला.

त्या रात्री, तुमच्या सकाळी, बाबांशी बोलले. कालच्या खोट्याचं अर्धंच सांगितलं, कार्ड बंद झाल्याचं पूर्ण सांगितलं. ते म्हणाले, आई, बरंच झालं, आता या वयात कार्ड हवंय कशाला? वीज, गॅस, औषधं, वाणी, सगळं मी इथून लावून देतो. तुला काहीही बघावं लागणार नाही.

त्यांनी ते मायेने म्हटलं, यात शंका नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर आलं ते असं. मला तूरडाळ हवी की मूगडाळ, हे समुद्रापलीकडे कुणाला तरी आधी कळवायचं, मग ती माझ्या दारात येणार. औषधाची पट्टी संपली की मुलाला मेसेज. माझं घर मी चालवते की माझी सोय कुणी लावून देतं, हा प्रश्न होता. आणि तो त्या आठवड्यातच ठरणार होता, कारण एकदा सोय लागली की माणसाला तिची सवय होते.

मी म्हणाले, “मला बघायचंय.”

 बाबा म्हणाले, बरं, बघ, पण अडलं तर सांग. त्यांनी त्यानंतर पुन्हा तो विषय काढला नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

बँकेतल्या बाईंनीच एक वाट सांगितली होती. मुदत ठेव ठेवायची आणि तिच्या जामिनावर कार्ड घ्यायचं. ठेवीवर व्याज मिळत राहतं, पण कार्ड आहे तोवर ती मोडता येत नाही. ठेवीहून थोडं कमी लिमिट मिळतं. मी वर्षभर नीट वापरलं की कोऱ्या पानावर काहीतरी उमटतं. आमच्या बाकी सगळ्या ठेवींवर आजोबांचं नाव पहिलं होतं, त्या मुदत संपेपर्यंत तशाच ठेवल्या होत्या. फक्त एक ठेव माझ्या एकटीच्या नावावर होती, शिकवण्यांच्या पैशांची. ती मी माझ्या आजारपणासाठी राखली होती. तिला हात लावायचा की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी तिचे दोन भाग केले. एक आजारपणाला ठेवला, एक कार्डासाठी त्या बँकेत नेला.

जावेला सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे आपलेच पैसे बँकेत ठेवायचे आणि मग बँकेकडून उधार मागायचं? कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवतात का?”

मी म्हटलं, ओळख नसली की डिपॉझिट ठेवावं लागतं, तू गॅसच्या सिलिंडरला नाही का ठेवलंस?

“सिलिंडरवर स्वयंपाक तरी होतो,” ती म्हणाली.

दहा दिवसांनी कुरियरवाला आला. त्याने ओळखपत्र मागितलं, पाकिटावरचं नाव ताडून पाहिलं आणि माझी सही घेतली. पहिली खरेदी मी मिक्सरच्या भांड्याची केली, जुन्याचं पातं बोथट झालं होतं. ओटीपी माझ्या फोनवर आला. आजोबांचा फोन मी काही दिवस सवयीने चार्ज केला. मग एकदा राहून गेलं, आणि त्यानंतर केला नाही.

वर्षभर मी लिमिटच्या चौथाईच्या वर गेले नाही. बाईंनी सांगितलं होतं की सगळं लिमिट वापरणारा माणूस, वेळेवर भरत असला तरी, बँकेला ओढाताणीतला वाटतो. गॅस, वीज, औषधं, एकदा जयपूरची चादर, तीही सवलत होती म्हणून नव्हे, हवी होती म्हणून. सवलतीचे मेसेज येतात ते मी वाचत नाही. हवी ती वस्तू आधी कागदावर लिहिते, आठवडाभराने अजून हवी वाटली तर घेते.

दुसऱ्या वर्षी बँकेचं पत्र आलं. ठेवीची गरज उरली नाही, साधं कार्ड देतो. मी पत्र घेऊन शाखेत गेले. त्याच बाई होत्या. त्यांनी माझं रेकॉर्ड पडद्यावर उघडून मॉनिटर माझ्याकडे वळवला. महिन्यामागून महिना, ओळीने हिरव्या खुणा, आणि वर माझं नाव. तुम्हाला शाळेत चांगले गुण मिळाल्यावर तुम्ही सहजच दाखवल्यासारखं करून कागद पुढे करता ना, तसं मी ते घरी येऊन तुमच्या बाबांना सहजच सांगितलं.

जावेलाही सांगितलं. दोन-तीन आठवड्यांनी भाजी निवडताना तिने खाली बघूनच विचारलं, “ताई, माझ्या नावावर काय आहे गं?” तिचे यजमान ठणठणीत आहेत, ते तसेच राहोत. पण आम्ही दोघींनी बसून यादी केली. रेशन कार्डावर तिचं नाव होतं आणि गॅसवर. बाकी काही नाही. आता तिचंही ठेवीवरचं एक छोटं कार्ड आहे. ती त्यावर फक्त गॅस भरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पैसे चुकते करते. मी सांगितलं की महिनाभर थांबलीस तरी चालतं. तिचं म्हणणं, चालत असेल, मला झोप लागत नाही.

तेव्हा मोठे, तीनपैकी एकच घे. पगाराची तारीख बघून बिलाची तारीख लावून घे. आणि पुढे कुणाबरोबर घर केलंस तर एकाच कार्डावर दोघांचं भागवू नका, ते सोपं वाटलं तरी. दोघांची दोन असू देत, दोघांच्या नावावर काहीतरी उमटू दे. धाकट्या, रंग कुठलाही चालेल.

आजोबांचं कार्ड आता नाही. माझ्या नावावरचं आहे. घर अजून मी चालवते.